झाले गेले सोडून द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

गोदातीर (परभणी)

आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक मंडळाने पुढच्या महिन्याच्या बैठकीत "झाले गेले सोडून द्या आणि रोजच्या जगण्यात प्रेरणा शोधा" या विषयावर मला बोलण्यास सांगितले आहे. विषय ऐकायला गोड आहे आणि बोलायला सोपाही आहे, कारण पहाटेपासून मोबाईलवर फुलांची जी चित्रे येतात त्यांवर याच आशयाची वाक्ये लिहिलेली असतात, आणि त्यांतली निवडक एकापुढे एक मांडली तरी वीस मिनिटांचे भाषण सहज उभे राहते. परंतु समोर कोण बसणार आहे हे डोळ्यांपुढे आणले की ती वाक्ये तोंडातून बाहेर पडेनाशी होतात. या मंडळात १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसे आहेत. भूकंपात घर गेल्यावर मुलाकडे परभणीला आलेल्या एक आजी आहेत. बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणे टाकलेले एक सद्गृहस्थ आहेत, आणि तरुण मुलगा गेल्यापासून बैठकीला नेमाने येणारे, पण तोंड न उघडणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. यांना "जुने विसरा" असे मी कोणत्या तोंडाने सांगावे?

आपल्या भागात जुनी गोष्ट केवळ मनात राहत नाही, हीदेखील अडचण आहे. ती सातबाऱ्याच्या "इतर अधिकार" या रकान्यात असते, सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत असते आणि तहसिलीतल्या फायलीत पुढच्या तारखेची वाट पाहत असते. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतल्याने ती फाइल बंद होत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे की सुविचार आणि थोरांची चरित्रे कृपया बाजूला ठेवावीत. आपण स्वतः पाहिलेल्या कोणत्या माणसाने जुने ओझे खाली ठेवले, त्यासाठी त्याने प्रत्यक्ष काय केले, आणि सकाळी उठून कामाला लागावे असे आपल्याला कशाने वाटते, एवढेच लिहावे. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत, कारण मला एकमताचे भाषण करायचे नाही.

तेरणाकाठ (औसा)

गोदातीर काका, आपल्या मंडळातील भूकंपग्रस्त आजींचा उल्लेख वाचला, म्हणून आधी मी लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, आमचे गाव पडले. दगड आणि मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच घरे माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावात जमिनीच्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली, रस्ते सरळ आणि रुंद मिळाले, परंतु जुन्या गल्लीतला शेजार मिळाला नाही. दारात बसून भाजी निवडताना जिच्याशी बोलायचे ती बाई आता चार रांगा पलीकडे राहायला गेली होती. घर पक्के असूनही कित्येक जण अनेक वर्षे बाहेर पत्र्याखाली झोपत होते, कारण डोक्यावरच्या छताचा विश्वास उरला नव्हता. त्या काळात आम्हाला कोणी "विसरा" असे सांगितले असते तर आम्ही त्याला गावात उभे केले नसते.

मग झाले काय? पहिली गोष्ट म्हणजे हाताला काम मिळाले. ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालला आणि त्यात गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. कधी चावडीवर न गेलेल्या बायका सिमेंटचे प्रमाण, कोपऱ्यातील सळई, मदतीचा हप्ता यांविषयी अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. माझी चुलती त्यांतलीच होती. तिचे दोन मुलगे त्या रात्री गेले होते. ती दुःखातून बाहेर आली असे मी म्हणणार नाही, परंतु दिवसाचे आठ तास तिला दुसऱ्याच्या भिंतीची काळजी करावी लागे आणि त्या आठ तासांनी तिला तारले, असे ती स्वतः सांगते.

दुसरी गोष्ट माझ्या निरीक्षणाची आहे. ३० सप्टेंबर हा दिवस आमच्याकडे गेलेल्यांचा दिवस ठरला. त्या दिवशी लोक स्मारकापाशी जातात, घरोघरी नावे निघतात, म्हाताऱ्या मोकळेपणाने रडतात आणि त्यांना कोणी गप्प करत नाही. दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या काढणीची बोलणी सुरू होतात. गेलेल्यांना वर्षातला एक हक्काचा दिवस दिल्यामुळे उरलेले दिवस आम्हाला वापरता आले, असे मला वाटते. आपल्या पूर्वजांनी पितृपक्षात तिथी नेमून दिल्या त्यामागेही हीच समज असावी.

चुलतीकडे ढिगाऱ्यातून निघालेली एक पितळी घागर आहे. तिच्या पोटाला मोठा पोचा पडलेला आहे, त्यामुळे ती जमिनीवर नीट बसत नाही आणि खाली चुंबळ ठेवावी लागते. पोचा काढून आणतो असे मी अनेकदा म्हणालो. ती नको म्हणते, पण घागर कपाटातही ठेवत नाही आणि रोज पिण्याचे पाणी त्याच घागरीत भरते.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

तेरणाकाठ यांचा प्रतिसाद आवडला, तरीही मूळ विषयाविषयी एक शंका नोंदवतो. "सोडून द्या" हा सल्ला देणारा कोण आणि घेणारा कोण, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरवता येत नाही. ज्याचे काही गेलेले नसते त्याला सोडून देण्याचा सल्ला फार लवकर सुचतो.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावागावांतील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. आजही त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन येतात. हे "जुने उगाळणे" आहे असे काही सुशिक्षित मंडळी मला समजावतात. त्यांना मी विचारतो की १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना मानवंदना देतो तेव्हा तेही उगाळणेच असते काय?

माझ्या वडिलांचे घर त्या काळात जळाले. ते त्या गावी पुन्हा कधी राहायला गेले नाहीत आणि तिथल्या कोणाला माफ केल्याचेही त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मात्र त्या गावाहून शहरात शिकायला आलेला मुलगा कोणत्याही जातीचा असो, खोली मिळेपर्यंत त्याचा मुक्काम आमच्याकडे असे. त्यांपैकी एकाचे वडील त्या रात्री कुठे होते हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. त्यांनी ते त्या मुलाला सांगितले नाही. आम्हाला सांगितले, पण तो मुलगा नोकरीला लागून गेल्यानंतर.

तेव्हा गोदातीर यांनी भाषणात क्षमेचा आग्रह धरू नये अशी माझी सूचना आहे. क्षमा न करताही माणूस पुढे जाऊ शकतो.

कडब्याची_गंजी (हिंगोली)

विषयाला थोडे सोडून, पण सकाळच्या फुलांच्या चित्रांची बाजू घेते. माझ्या सासूबाईंच्या चार बहिणी चार गावांत आहेत आणि सगळ्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. चित्रावर काय लिहिले आहे ते चष्म्याशिवाय त्यांना दिसतही नाही. परंतु सकाळी आठपर्यंत एखादीचे चित्र आले नाही तर लगेच फोन जातो. ती रोजची हजेरी आहे आणि त्या हजेरीसाठी चौघीही वेळेवर उठतात. प्रेरणा म्हणून एवढे पुरे नाही काय?

जुना_तलाठी (निलंगा)

बांधावरून भावाशी बोलणे टाकलेल्या सद्गृहस्थांविषयी लिहितो, कारण नोकरीची सारी वर्षे मी हेच पाहिले.

आधी हिशेब सांगतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बांध कोरून एक फूट जागा घेतली असा आरोप असेल, तर ती एक फुटाची पट्टी १,०८९ फूट लांब असेल तेव्हा कुठे एक गुंठा भरतो, आणि आपल्याकडील पुष्कळ शेतांचा सामाईक बांध एवढा लांबही नसतो. म्हणजे वाद असतो अर्ध्या-पाऊण गुंठ्याचा. त्यासाठी मोजणीची फी, वकिलाची फी, तारखेला जाण्यायेण्याचे भाडे, तालुक्याला हॉटेलात झालेला चहा-भज्यांचा खर्च, असे करता करता जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा जातो. हे दोन्ही पक्षांना माहीत असते. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो आणि मूळ कागद काय होता हे नातवाला वकिलाला विचारावे लागते. अर्थात वाद फुटाचा नसतोच. लग्नात मानपान झाला नाही, आईच्या आजारपणात कोणी पैसे दिले नाहीत, वाटणीत विहीर कोणाकडे गेली, हे सगळे त्या एका फुटावर येऊन बसलेले असते. त्यामुळे मोजणीचा दगड रोवला तरी भांडण मिटत नाही.

माझा अनुभव असा की मनाचे समाधान झाल्यावर कागद करू, असे म्हणणाऱ्यांचे प्रकरण कधी संपत नाही. ज्यांनी रागातच, तोंड फिरवून का होईना, कागद आधी केला त्यांचे बोलणे पुढे केव्हातरी सुरू झाले. त्यासाठी दोन वाटा सांगून ठेवतो. दावा न्यायालयात असेल तर लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. दुसरी वाट विशिष्ट प्रकरणांसाठी आहे. माझ्या नावची जमीन तुम्ही कसता आणि तुमच्या नावची मी कसतो, असा उलटसुलट ताबा पुष्कळ गावांत पिढ्यानपिढ्या आहे. त्यासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. असा ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तलाठ्याच्या पंचनाम्यात तो दिसत असेल आणि दोघांची संमती असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढीच लागते. एरवी ही रक्कम बाजारभावाच्या मानाने भरावी लागली असती. योजना मुदतीची असल्यामुळे सध्याची मुदत तहसिलीत विचारून घ्यावी.

संमतीपत्रावर दोघांनी एकाच टेबलाशी उभे राहून सही करावी लागते. मी अशा वेळी मुद्दाम एकच पेन ठेवत असे.

बालाघाटी (धारूर)

तेरणाकाठ यांची वर्षातल्या एका हक्काच्या दिवसाची कल्पना मृतांच्या बाबतीत पटते. जिवंत देण्याच्या बाबतीत ती लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातली मुले कमी होऊ लागतात, कारण त्यांचे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे "एक कोयता" म्हणतात. मुकादम निघण्याआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती लग्नात, दवाखान्यात किंवा घराच्या पत्र्यांत तेव्हाच संपलेली असते, आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. आजारपणामुळे कामावर जाता आले नाही तर खाडा धरला जातो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टी, म्हणजे हंगामाचा हिशेब होतो तेव्हा पुष्कळांच्या अंगावर बाकी निघते, आणि ती बाकी म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाण्याचे बंधन असते. अशा माणसाला गतकाळाचे ओझे खाली ठेवा असे सांगून उपयोग नाही, कारण ते ओझे दुसऱ्याच्या डायरीत लिहिलेले आहे आणि ती डायरी त्याला वाचता येत नाही.

तरीही आपण पाहिलेल्या माणसाविषयी लिहा असे म्हणालात, म्हणून एका बाईंविषयी सांगतो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. आईवडील कारखान्यावर गेले की ती गावातच हंगामी वसतिगृहात जेवे आणि आजीजवळ झोपे. पाचवीत असताना तिने आईला शंभरपर्यंतचे आकडे आणि बेरीज शिकवली. बाईंनी जाताना मुलीची एक चौकटीची वही बरोबर नेली. प्रत्येक खेपेची वजनाची पावती पाहून त्या तारीख आणि टन लिहीत आणि खाड्याच्या दिवशी चौकटीत फुली मारत. अक्षर मोठे असल्यामुळे एक आकडा दोन चौकटी खात असे. हंगाम संपल्यावर मुकादमाने बाकी सांगितली तेव्हा त्यांनी वही उघडून समोर ठेवली. त्यावरून मोठा वाद झाला, चार लोक बसले आणि पुष्कळ कमी बाकीवर ते मिटले. पुढच्या वर्षी त्यांनी उचल घेतली नाही. आता त्या गावातच शेळ्या सांभाळतात आणि बचत गटाचे हिशेब लिहितात.

मुलगी सध्या अंबाजोगाईला परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने ती वही मला पाहायला दिली होती. वर्ग भरल्यावर मुले पाढे म्हणताना कंटाळली की मला ती आठवते आणि माझा स्वतःचा कंटाळा जातो. प्रेरणा म्हणजे काय हे मला तरी याहून वेगळे सांगता येणार नाही.

गटप्रवर्तक (धाराशिव)

मी आशा कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख करते. वर आलेली उदाहरणे मोलाची आहेत, परंतु या चर्चेत आजाराची बाजू सुटू नये असे वाटते.

मूळ धाग्यात निवृत्त मुख्याध्यापकांचा उल्लेख आहे. मुलगा गेल्यानंतरचे दुःख हा आजार नाही, आणि त्याला किती दिवस लागावेत हे बाहेरच्याने ठरवू नये. मात्र एखाद्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आवडीच्या कामातही मन लागेना, आपण असून उपयोग नाही असे बोलणे येऊ लागले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला भाषण, भजन आणि सुविचार देत बसणे म्हणजे तापाच्या रोग्याला थर्मामीटर न लावता पंख्याखाली बसवण्यासारखे आहे. मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी शासनाचा प्रेरणा प्रकल्प याच कारणासाठी सुरू झाला. १०४ या क्रमांकावर समुपदेशन मिळते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आता उगाळण्याविषयी. मनात तेच ते फिरत राहते, त्याला सुरुवात असते पण शेवट नसतो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक घटनेविषयी लिहायला सांगितले होते. लिहिताना त्यांना त्रास झाला, परंतु पुढील महिन्यांत त्यांचे आजारपणासाठी दवाखान्यात जाणे इतरांच्या तुलनेत कमी झाले. पुढे इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा परिणाम सगळीकडे सारखा आला नाही, म्हणून मी याला रामबाण म्हणत नाही. पण आमच्या गावांतील बायका जात्यावर बसून जे वर्षानुवर्षे बोलत आल्या त्याची आठवण हे वाचून मला झाली. जाती गेली आणि ती पहाटेची बोलण्याची जागाही गेली. आता गृहभेटीत आशाताई वजन-काटा घेऊन येते, बाळाचे वजन दोन मिनिटांत होते आणि बाई पुढे अर्धा तास बोलत राहते. त्या अर्ध्या तासाचा मोबदला कोणत्याही तक्त्यात बसत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे, असो.

मुख्याध्यापकांना मंडळाने बोलते करण्याची घाई करू नये. त्यांच्या शेजारी रोज एकाच माणसाने बसावे, एवढे झाले तरी चालेल.

गोदातीर (परभणी)

सर्वांचे आभार मानतो. बालाघाटी यांचा आक्षेप मला मान्य आहे. देणे फिटलेले नसताना सोडून देण्याची भाषा करणे हा अन्यायच ठरेल, त्यामुळे भाषणात मी दुःख आणि देणे यांची सरमिसळ करणार नाही. जुना_तलाठी यांनी सांगितलेली लोकअदालतीची माहिती मात्र त्या सद्गृहस्थांना आजच दिली. ते म्हणाले, "धाकट्याने आधी अर्ज करावा." म्हणजे गाडी अजून तिथेच आहे.

मृतांसाठी दिवस नेमतात तसा भांडणासाठीही एखादा दिवस आपल्याकडे आहे काय?

येळवसकर (लातूर)

आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या. लातूर आणि धाराशिवकडे या दिवशी गाव रिकामे होते आणि शिवार भरते, शहरातील दुकानेसुद्धा बंद राहतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातील आंबील असा नैवेद्य असतो. या दिवशी आपल्याच रानात जेवून घरी येणे कमीपणाचे समजतात. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे असते आणि शेजारच्या कोपीवर जाऊन दोन घास खायचे असतात.

आमच्या भावकीत दोन भावांचे विहिरीवरून वाकडे होते. दोघांची राने एकाच बांधाला लागून होती, त्यामुळे वेळ अमावस्येला अडचण होई. एके वर्षी थोरल्याच्या बायकोने बांधावर उभे राहून धाकट्याला मोठ्याने हाक मारली. भर शिवारात हाक आल्यावर न जाणे शोभले नसते, म्हणून तो आला, भज्जी-भाकरी खाल्ली आणि भावाशी एक शब्द न बोलता उठून गेला. पुढच्या वर्षी येताना तो आंबिलीचे मडके घेऊन आला. दावा आजही चालू आहे, दोघे तारखेला वेगवेगळ्या एसटीने जातात, आणि वेळ अमावस्येला एका पंगतीत जेवतात. हे मिटले म्हणावे की नाही मिटले, ते मला ठरवता आलेले नाही.

दुधनाकाठ (जालना)

दुष्काळाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. २०१२-१३ मध्ये जालन्याने पाण्यासाठी काय सोसले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी कसे आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. त्या वर्षांच्या गोष्टी आमच्याकडे पारावर अजून निघतात. टँकरमागे कोण धावले, हंडा कोणाचा फुटला, कोणी कोणाला पाणी नाकारले, हे सगळे निघते आणि पाऊस पडला की थांबते.

आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींना या गोष्टींचा वीट आला. त्यांनी सुती दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला ट्रॅक्टरचा जुना नट बांधला आणि गावच्या सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी मोजायला सुरुवात केली. दर पाचव्या गाठीला लाल चिंधी आहे, म्हणजे मोजताना नजर चुकत नाही. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चुन्याने लिहितात, शेजारी मागील वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा असतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. गुरुजी दर अमावस्येला घेतात.

आरंभी लोक हसले. नंतर जानेवारीतला आकडा पाहून दोघांनी उन्हाळी भुईमूग रद्द केला, आणि त्यावर्षी विहीर मे महिन्यापर्यंत टिकली. आता पारावर पाणी कोणी नाकारले हे कमी निघते आणि यंदा पाणी कितव्या गाठीवर लागले हे जास्त निघते. गुरुजींनी कोणाला काही विसरायला सांगितलेले मला आठवत नाही.

गोदातीर (परभणी)

दुधनाकाठ, ही मोजणी नेमकी कशी करतात ते सविस्तर लिहाल काय? आमच्या वसाहतीच्या मागे एक जुनी विहीर आहे आणि ते मुख्याध्यापक भूगोल शिकवत असत. भाषण होवो न होवो, दोरी मी त्यांच्या हाती देऊन पाहतो. शेजारी मी उभा राहीन, बोलण्याची सक्ती नाही.

दुधनाकाठ (जालना)

अवश्य. दोरी सुती असली तरी ताणली जाणार नाही इतकी पिळाची घ्यावी, आणि गाठी मारण्याआधी ती एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावी, नाहीतर पहिल्याच मोजणीनंतर ती आखडते आणि फुटाचे माप चुकते. मोजणी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी करावी, कारण उपसा चालू असताना पातळी खाली गेलेली असते आणि आकडा खोटा येतो. कठड्यावर एक ठिकाणी रंगाची खूण करावी आणि दर वेळी तिथूनच दोरी सोडावी. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज येतो आणि हात हलका होतो, तिथे दोरी चिमटीत धरून वर ओढावी व कोरड्या गाठी मोजाव्यात. कठड्याची उंची मोजून वजा करावी, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. वहीत तारीख, खोली आणि त्या महिन्यातील पाऊस असे तीन रकाने पुरतात. परभणीला कृषी विद्यापीठ असल्यामुळे पावसाचा आकडा आपल्याला तिथून मिळेल. कठडा पडका असेल तर मात्र आधी तो बांधून घ्यावा आणि तोवर कोणालाही वाकू देऊ नये.